साडेसहा किलोडाल्टनसाठी मार्कर शोधताना

५ जानेवारी २०२४ ला मी माझं पहिलं प्रोटीन जेल लावलं आणि २१ मेला तोंडी परीक्षा झाली. मधल्या साडेचार महिन्यांतला निम्मा वेळ एका गोष्टीत गेला. प्रोटोकॉलच्या कागदावर त्या गोष्टीला जेमतेम एक ओळ असते: ‘पहिल्या वेलमध्ये ५ मायक्रोलिटर मार्कर घाला.’ जेल म्हणजे विजेच्या जोरावर प्रोटीनं आकाराप्रमाणे वेगळी करणारी जेलीची पाटी, वेल म्हणजे तिच्या वरच्या कडेचा खळगा, लेन म्हणजे त्याखालची उभी वाट. मार्कर म्हणजे माहीत वजनांच्या प्रोटीनांचं मिश्रण; त्याच्या पट्ट्यांशी, म्हणजे बँडांशी, ताडून आपल्या प्रोटीनचं वजन काढतात. मार्कर कोणता, कुठून कुठपर्यंतचा, रंगीत की बिनरंगी, तो संपला किंवा मिळालाच नाही तर काय करायचं, यातलं काहीच त्या ओळीत नसतं. आमच्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजात एम.एस्सी.चा प्रोजेक्ट करणाऱ्यांना याच ठिकाणी अडायला होतं, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

माझा विषय होता शेवग्याच्या बियांमधलं पाणी निवळणारं प्रोटीन. आपल्याकडे गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात, पूर्वी निवळीचं बी उगाळून घालत. सुदानमध्ये बायका नाईलचं पाणी निवळायला शेवग्याच्या बियांची पूड वापरतात. त्या पुडीतलं नेमकं काय काम करतं याचा शोध बरीच वर्षं चालला. १९९५ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी निबंध छापले. एकाने म्हटलं हे प्रोटीन साडेसहा किलोडाल्टनचं आहे (किलोडाल्टन हे प्रोटीनच्या वजनाचं माप). दुसऱ्याने म्हटलं तेरा किलोडाल्टनचं, पण दोन भागांची जोडी. दोघांनाही ते चांगलंच धनभारित दिसलं, आयसोइलेक्ट्रिक पॉइंट (ज्या पीएचला प्रोटीनवरचा एकूण विद्युतभार शून्य होतो तो) दहाच्या आसपास किंवा वर. आमच्या अंगणातल्या झाडाच्या वाळलेल्या शेंगांमधून ते काढायचं आणि साडेसहा की तेरा हे जेलवर दाखवायचं, एवढंच मला करायचं होतं.

खरेदीची सुरुवात ४ डिसेंबरला झाली. मागणीपत्रक मीच भरलं. तीन पुरवठादारांकडून कोटेशन मागवायचं, तिन्ही आल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. दोन आठवड्यात दोन कोटेशनं आली, तिसऱ्यासाठी मी रोज फोन करत होते. ऑफिसातले भाऊसाहेब म्हणाले, ‘‘ताई, कोटेशनवर तारीख आणि जीएसटी नंबर नसेल तर ते धरता येत नाही, आधी बघून घ्या.’’ एक कोटेशन त्याच कारणाने परत गेलं. खरेदी समितीची बैठक २८ डिसेंबरला, ऑर्डर ३ जानेवारीला.

निवड करताना मी काय बघितलं ते सांगते, कारण चूक तिथेच झाली. यादीत बिनरंगी मार्कर होता, सहा प्रोटीनांचा: ९७.४, ६६, ४३, २९, २०.१ आणि १४.३ किलोडाल्टन, सुमारे बत्तीसशे रुपये. दुसरा आधीच रंगवलेला, १० ते १८० किलोडाल्टनचा, दहा बँड, त्यात एक नारिंगी आणि एक हिरवा. २५० मायक्रोलिटरला चौऱ्याऐंशीशे, जीएसटी वेगळा. एका जेलला ५ मायक्रोलिटर धरले तर ५० जेल होतात, म्हणजे जेलमागे पावणेदोनशेच्या आत. रंगीत मार्कर जेल चालू असतानाच डोळ्यांना दिसतो, उकळावा लागत नाही, आमच्या अख्ख्या बॅचला पुरेल. मी रंगीत मागवला. सर्वांत खालचा बँड १०चा आहे हे मी वाचलं होतं. माझं प्रोटीन साडेसहाचं असू शकतं हेही मला माहीत होतं. या दोन गोष्टी मी एकमेकींशेजारी ठेवून बघितल्या नाहीत.

ऑर्डर येईपर्यंत लॅबमधली जुनी बिनरंगी ट्यूब वापरली. लेबल पुसलेलं, किती वेळा वितळवून परत गोठवली कुणालाच माहीत नाही. ५ जानेवारीच्या त्या पहिल्या १२ टक्के अॅक्रिलामाइडच्या जेलवर मार्करच्या जागी वरून खालपर्यंत निळा फराटा आला, वेगळा म्हणावा असा एकच बँड. माझ्या सॅम्पलच्या लेनमध्ये वर थोडी घाण आणि तळाशी, डाय फ्रंटला (सॅम्पलमधला रंग सर्वांत पुढे पळून जिथे पोचतो त्या रेषेला) चिकटून, एक जाड निळा ठिपका. तो ठिपका मी डायचाच समजले. अर्क नीट निघाला नाही असं गृहीत धरून बियांपासून पुन्हा सुरुवात केली. तीन पंख असलेल्या बिया सोलायच्या, आतला पांढरा गर कुटायचा, हेक्झेनने तेल काढायचं, मग एक मोलर मिठाच्या पाण्यात रात्रभर ढवळत ठेवायचं. तीनदा केलं. एकदाही अर्क बिघडलेला नव्हता, हे फेब्रुवारीत कळलं.

इथे एक गोष्ट मात्र नशिबाने बरोबर झाली. मीठ काढायला डायलिसिस करताना लॅबमध्ये नेहमीची १२–१४ किलोडाल्टन कटऑफची नळी होती (त्याहून लहान रेणू तिच्या भिंतीतून बाहेर जातात). शेजारच्या लॅबमधल्या पीएच.डी. करणाऱ्या दादाने विचारलं, ‘‘तुझं प्रोटीन केवढं आहे?’’ मी सांगितल्यावर म्हणाला, ‘‘मग ते बाहेरच्या पाण्यात जाईल,’’ आणि स्वतःकडची साडेतीन कटऑफची नळी दिली. वजनाचा प्रश्न जेलच्या आधीच सुरू होतो, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

जानेवारीच्या मध्यात मॅडमनी सुचवलं, ‘‘अगं, मार्कर नाही म्हणून बसून राहू नकोस. घरून अंडं आण.’’ अंड्याचा पांढरा बलक हा फुकटचा मार्कर आहे. त्यातल्या प्रोटीनपैकी निम्म्याहून जास्त ओव्हाल्ब्युमिन, ४५ किलोडाल्टन. त्याच्या वर ओव्होट्रान्सफेरिन, सुमारे ७७. अगदी खाली लायसोझाइम, १४.३. बलकात साधारण दहा टक्के प्रोटीन असतं, म्हणून शंभरपट पातळ केला तर मिलिलिटरला एक मिलिग्रॅम होतं. त्यातले ५ मायक्रोलिटर तेवढ्याच सॅम्पल बफरमध्ये उकळून लोड केले. ओव्हाल्ब्युमिनचा बँड ठसठशीत आला, लायसोझाइमचा फिका, कारण ते साडेतीन टक्क्यांच्या आसपासच असतं. बलक चिकट आणि तंतुमय असतो, पिपेटच्या टिपमध्ये नीट येत नाही. टिपचं टोक ब्लेडने कापून रुंद करा आणि मिठाच्या पातळ पाण्यात हळू ढवळा, फेस येऊ देऊ नका. या अंड्याच्या जेलांवर माझा हात बसला. वेल पाडणारा कोंब (कंगवा) सरळ काढणं, वेल धुणं, लोड करताना टिप वेलच्या तळाला न टेकवणं, हे सगळं महागडा मार्कर येण्याआधी शिकून झालं.

पार्सल आलं २५ जानेवारीला, संध्याकाळी सहानंतर. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन, त्याला जोडून शनिवार-रविवार. गेटवरच्या मामांनी सही करून घेतलं आणि केबिनमध्ये नीट ठेवलं; बाहेर ‘थंड जागी ठेवा’ असं लिहिलेलं होतं, पण त्यांच्याकडे पंख्याखेरीज काय असणार? सोमवारी २९ला मी डबा उघडला तेव्हा जेल-पॅक मऊ आणि कोमट होते. मला रडू आलं. चौऱ्याऐंशीशे रुपये आणि दोन महिन्यांची खटपट.

मॅडमनी आधी डब्यातला माहितीचा कागद वाचायला लावला. त्यात लिहिलं होतं की उणे २० अंशांवर दोन वर्षं टिकतो, चार अंशांवर तीन महिने, आणि खोलीच्या तापमानाला दोन आठवडे. म्हणजे चार दिवसांनी बिघडलेला नव्हता. हे प्रत्येक मार्करला लागू होत नाही, आपल्या डब्यातला कागदच धरायचा. तरी खात्री म्हणून ३ मायक्रोलिटर लावून पाहिला. दहाच्या दहा बँड स्वच्छ आले. उरलेला लगेच २५-२५ मायक्रोलिटरच्या छोट्या ट्यूबांमध्ये वाटला, प्रत्येकीवर तारीख आणि लॉट नंबर लिहिला. लॉट नंबर वहीत उतरवायलाच हवा: रंगवलेल्या मार्करचं दिसणारं वजन लॉटगणिक थोडं बदलू शकतं. आणि एक: पुढच्या खेपेपासून मी पुरवठादाराला ‘सोमवार ते बुधवारमध्येच पाठवा’ असं ऑर्डरवरच लिहून दिलं आणि गेटवरच्या मामांना माझा फोन नंबर देऊन ठेवला.

१ फेब्रुवारीचं जेल मी अजून जपून ठेवलं आहे. १५ टक्क्यांचं होतं. मार्करची लेन रंगीत पट्ट्यांच्या साडीकाठासारखी. माझ्या तिन्ही लेन रिकाम्या, तळाला तोच निळा ठिपका. ६ तारखेला मॅडमकडे घेऊन गेले. त्यांनी जेल उजेडावर धरलं.

‘‘तुझ्या मार्करचा सर्वांत खालचा बँड कितीचा?’’

‘‘दहाचा.’’

‘‘तो कुठे आहे?’’

‘‘फ्रंटच्या जरा वर.’’

‘‘मग साडेसहाचं प्रोटीन कुठे असेल?’’

मी तळाच्या ठिपक्याकडे बघितलं. महिनाभर मी ज्याला डाय म्हणत होते ते माझं प्रोटीन होतं.

नेहमीचं जेल म्हणजे १९७० मध्ये लेमलीने बॅक्टेरियोफाजच्या प्रोटीनांसाठी वापरलेली ट्रिस-ग्लायसिनची पद्धत. वरच्या स्टॅकिंग जेलचा (जिथे प्रोटीनं एका रेषेत गोळा होतात) पीएच ६.८, खालच्या रिझॉल्व्हिंग जेलचा (जिथे ती वेगळी होतात) ८.८. एसडीएस हे साबणासारखं रसायन प्रत्येक प्रोटीनला त्याच्या वजनाच्या प्रमाणात चिकटतं, ग्रॅममागे साधारण १.४ ग्रॅम, त्यामुळे मूळचा विद्युतभार झाकला जातो आणि फरक राहतो तो लांबीचा. पण मोकळं एसडीएस आणि डाय जिथे पळतात, तिथेच दहाच्या खालची लहान प्रोटीनं जाऊन अडकतात. त्यांना वेगळं करायला ग्लायसिनऐवजी ट्रायसिन वापरणारं जेल लागतं, शेगर आणि फॉन यागोव यांनी १९८७ मध्ये दिलेलं. आणि अशा जेलला खालपर्यंत पोचणारा मार्कर हवा. माझं प्रोटीन ज्या दोन बँडांच्या मध्ये पडेल असे बँड ज्यात आहेत, तोच माझा मार्कर. आधी प्रोटीन किती मोठं असेल याचा अंदाज, मग जेलचा टक्का, मग मार्कर, हा क्रम मी उलटा लावला होता.

तयार अतिलघु मार्करचं कोटेशन मागवलं: २६.६ पासून १.०६ किलोडाल्टनपर्यंत सहा बँड. सव्वीस हजारांच्या वर, बाहेरून मागवावा लागेल, सहा ते आठ आठवडे. विभागप्रमुख सरांनी समजावून सांगितलं की या आर्थिक वर्षाचा निधी संपत आला आहे, ३१ मार्चच्या आत माल आणि बिल दोन्ही हातात नसेल तर पैसे परत जातात. त्यांचं बरोबर होतं. मी घरी जाऊन खूप वेळ काही बोलले नाही. आजी जेवताना म्हणाली, ‘‘काय हरवलंय गं?’’ मी सांगितलं, साडेसहाच्या आसपासचं एखादं ओळखीचं प्रोटीन हवंय. तिला ते काही कळलं नसेल, पण तिने फ्रीज उघडून तिची इन्सुलिनची बाटली काढली, इंजेक्शनची वेळ झाली होती. मी त्या बाटलीकडे बघत राहिले. इन्सुलिन ५.८ किलोडाल्टनचं असतं.

घरगुती मार्कर असा जुळला. लॅबच्या कपाटात बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, ६६), कार्बोनिक अनहायड्रेज (२९), सोयाबीनचा ट्रिप्सिन इन्हिबिटर (२०.१) आणि लायसोझाइम (१४.३) यांच्या बाटल्या एन्झाइमच्या प्रात्यक्षिकांसाठी होत्याच. शेजारच्या लॅबमधल्या दादाने एक मिलिग्रॅम अप्रोटिनिन दिलं, ते ६.५चं. प्रत्येकाचं मिलिलिटरला दोन मिलिग्रॅम असं द्रावण केलं, पाचही वीस-वीस मायक्रोलिटर एकत्र केली की शंभर होतात, त्यात शंभर मायक्रोलिटर दुपटीचा सॅम्पल बफर, ९५ अंशांवर पाच मिनिटं. यातले ५ मायक्रोलिटर लोड केले की प्रत्येक प्रोटीनचा एक मायक्रोग्रॅम वेलमध्ये जातो, कुमासी या निळ्या रंगाने तो भरपूर दिसतो. दहा-दहा मायक्रोलिटरच्या वीस ट्यूबा उणे २० अंशांवर. एक ट्यूब दोन जेलांना, मग फेकायची. परत गोठवायची नाही. मिश्रण करण्याआधी प्रत्येक प्रोटीन एकेकटं एका जेलवर लावून बघा. आमच्या कार्बोनिक अनहायड्रेजच्या बाटलीत खाली एक तुकडा पडलेला दिसला, तो आधीच माहीत होता म्हणून पुढे गोंधळ झाला नाही.

इन्सुलिनला वेगळी लेन द्यावी लागते. ते दोन साखळ्यांचं, डायसल्फाइडने (दोन गंधक अणूंमधल्या बंधाने) बांधलेलं. बीटा-मर्कॅप्टोइथॅनॉल घातलं की ए आणि बी साखळ्या सुटतात, २.४ आणि ३.४च्या, आणि त्या दिसणं अवघड. म्हणून ते रिड्यूस न करता, म्हणजे डायसल्फाइड न तोडता, लावायचं. आपल्याकडच्या बाटलीवर मिलिलिटरला ४० युनिट लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण १.४ मिलिग्रॅम. आजीची बाटली उघडून चार आठवडे झाले की ती टाकून देतो. तसा टाकायला काढलेला शेवटचा अर्धा मिलिलिटर मी घेतला. औषध चालू असलेल्या बाटलीला हात लावला नाही, आणि तुम्हीही लावू नका.

१२ मार्चला पहिलं ट्रायसिन जेल, १६.५ टक्के. अॅक्रिलामाइडची पूड हुंगणं आणि उघड्या हाताने हाताळणं टाळा, ते मज्जातंतूंना विषारी आहे. आम्ही ग्लोव्ह आणि मास्क घालूनच वजन करायचो, नंतर ३० टक्क्यांचं तयार द्रावण मिळालं तेव्हा जीव भांड्यात पडला. या जेलला वेळ लागतो: आधी ३० व्होल्टवर सॅम्पल स्टॅकिंगमधून उतरू द्यायचं, मग १०० वर, एकूण साडेतीन-चार तास. पहिल्या दिवशी दुपारी तीनला वीज गेली ती चाळीस मिनिटांनी आली. सगळे खालचे बँड पसरून ढगासारखे झाले, कारण विद्युतदाब नसला की लहान प्रोटीनं आपली आपली इकडेतिकडे पसरत राहतात. त्यानंतर मी सकाळी साडेसातला जेल लावायला लागले. लॅब उघडून द्यायला लॅबमधले काका मुद्दाम लवकर यायचे. त्यांच्याशिवाय हा प्रोजेक्ट झालाच नसता.

दुसऱ्या जेलला सगळं नीट चाललं आणि कुमासीनंतर अप्रोटिनिनचा बँड गायब. माझा साडेसहाचाही गायब. लहान प्रोटीनं रंगवण्याच्या (स्टेनिंग) आणि जादा रंग काढण्याच्या (डीस्टेनिंग) पाण्यात जेलमधून निघून जातात. जेल काढल्याबरोबर ५० टक्के मिथेनॉल आणि १० टक्के अॅसिटिक अॅसिडमध्ये अर्धा तास स्थिर करायचं, मग रंग, आणि डीस्टेनिंग रात्रभर न ठेवता दर पंधरा मिनिटांनी बघत राहायचं. घाई नको, पण झोपही नको. अप्रोटिनिन मार्करमध्ये होतं म्हणूनच हे कळलं. माझा बँड नाहीसा झाला आणि मार्करचा त्याच्या बाजूचा बँडही नाहीसा झाला, म्हणजे दोष सॅम्पलचा नाही, पद्धतीचा. मार्कर मोजायला असतो तसाच तो साक्षीदारही असतो, हे मला त्या दिवशी पटलं.

तिसरी अडचण शोधायला आठवडा लागला. माझा मुख्य प्रश्न होता रिड्यूस केलेलं आणि न केलेलं सॅम्पल यांतला फरक. तेरा असेल तर रिड्यूस न करता तेरा दिसेल आणि केल्यावर साडेसहा. पण रिड्यूस न केलेल्या लेनमध्ये दोन्ही बँड येत होते, आणि गंमत म्हणजे लेनच्या डाव्या बाजूला खालचा बँड जास्त गडद. डावीकडे काय होतं? मार्कर. मार्करच्या बफरमध्ये बीटा-मर्कॅप्टोइथॅनॉल होतं, ते जेलमधून शेजारच्या लेनमध्ये झिरपत होतं आणि तिथले डायसल्फाइड तोडत होतं. पुढच्या जेलपासून मार्कर आणि रिड्यूस न केलेलं सॅम्पल यांच्यामध्ये दोन वेल रिकामे, म्हणजे नुसता सॅम्पल बफर भरलेले. वेल कोरडे ठेवू नका, शेजारचे बँड त्या बाजूला फाकतात. आणि मार्कर कधी मधल्या वेलमध्ये घालू नका. एका कडेला जरा आत, दुसऱ्या नंबरच्या वेलमध्ये घाला. जेल ट्रेमध्ये उलटं पडलं तरी मग डावं-उजवं कळतं. मी खालचा डावा कोपराही कापते.

४ एप्रिलला जे जेल आलं तेच प्रबंधात आहे. एक्स-रे बघायच्या उजेडाच्या पेटीवर ते ठेवून वर पारदर्शक प्लॅस्टिक टाकलं आणि प्रत्येक बँडच्या मधोमध बारीक पेनाने खूण केली. रिझॉल्व्हिंग जेलच्या वरच्या कडेपासून फ्रंट ६६ मिलिमीटरवर. २९चा बँड १४ मिलिमीटरवर, २०.१चा २२वर, १४.३चा ३०वर, ६.५चा ४७वर. बीएसए स्टॅकिंगच्या कडेलाच राहिलं, ते रेषेत धरलं नाही. प्रत्येक अंतराला ६६ने भागलं की आरएफ मिळतो. सेमी-लॉग कागदावर लॉगच्या अक्षावर वजन आणि दुसऱ्या अक्षावर आरएफ मांडले तर चारही बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेत आले. माझा रिड्यूस केलेला बँड ४६ मिलिमीटरवर, आरएफ ०.७०, रेषेवरून ६.८ किलोडाल्टन. रिड्यूस न केलेल्या लेनमधला मुख्य बँड ३२ मिलिमीटरवर, म्हणजे १३. दोन्ही संख्या मार्करच्या दोन बँडांच्या आतच पडल्या, म्हणून त्यांना काही अर्थ आहे. रेष पुढे वाढवून बाहेरच्या बँडचं वजन काढणं मी कटाक्षाने टाळलं.

त्याच जेलवर शेवटच्या वेलमध्ये रंगीत मार्करही होता. कागदावर १५ लिहिलेला त्याचा बँड २६ मिलिमीटरवर थांबला, जिथे माझ्या बिनरंगी रेषेवर १७ येतात. रंगीत मार्करमध्ये प्रोटीनला रंगाचे रेणू रासायनिक बंधाने जोडलेले असतात. त्याने चाल बदलते, आणि जेलच्या प्रकाराप्रमाणे वेगवेगळी बदलते. डब्यातल्या कागदावर वेगवेगळ्या जेलांसाठी वेगवेगळ्या वजनांचा तक्ता असतो, तो मी तोपर्यंत बघितलाच नव्हता. म्हणून आता माझा नियम असा: जेल कुठवर पोचलं, ब्लॉटवर, म्हणजे जेलमधली प्रोटीनं ज्यावर उतरवतात त्या मेम्ब्रेनवर, प्रोटीन उतरलं का, हे बघायला रंगीत, वजन लिहायचं असेल तर बिनरंगी. वेस्टर्न ब्लॉट करणाऱ्यांना रंगीतच सोयीचा, कारण तो मेम्ब्रेनवर दिसतो. दोन्ही घेणं परवडत असेल तर दोन्ही घ्या, नसेल तर आपला प्रश्न कोणता ते बघून घ्या.

प्रबंधात ६.८ लिहायचं का, यावर मॅडमशी बराच वेळ बोलले. जेलवरून काढलेल्या वजनात पाच-दहा टक्के इकडेतिकडे सहज होतं. शिवाय सगळीच प्रोटीनं नियमाने चालत नाहीत. दुधातलं अल्फा-एस-वन केसिन प्रत्यक्षात २३.६चं, पण जेलवर ३०च्याही वर दिसतं. साखर चिकटलेली प्रोटीनंही फसवतात. आणि रिड्यूस न केलेलं प्रोटीन आवळलेलं राहतं, उलगडलेल्या मार्करशी त्याची तुलना तंतोतंत होत नाही. म्हणून लिहिलं: ‘रिड्यूस केल्यावर सुमारे ७ किलोडाल्टन, न केल्यास सुमारे १३ किलोडाल्टन, डायसल्फाइडने जोडलेल्या दोन भागांशी सुसंगत.’ तीन वेगवेगळ्या जेलांवर तेच आलं, तिन्हींचे आकडे परिशिष्टात दिले. मास स्पेक्ट्रोमेट्रीला (वजन नेमकं मोजणाऱ्या तपासणीला) सॅम्पल पाठवायला पैसे उरले नव्हते, तेही तसंच लिहिलं.

खर्चाचा हिशेब विचारणारे बरेच भेटले म्हणून: रंगीत मार्कर जीएसटी धरून दहा हजारांच्या जरा आत, ट्रायसिन आणि इतर रसायनं साडेतीन हजार (तीन विद्यार्थ्यांत वाटून), डायलिसिसची नळी आणि अप्रोटिनिन उसनं, अंडी एक डझन, सेमी-लॉग कागद वीस रुपये. अप्रोटिनिन मी जुलैमध्ये परत केलं, नवी बाटली आल्यावर.

२१ मेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला तो मार्करचाच: ‘‘हे कोणत्या कंपनीचं आहे?’’ मी सांगितलं की इथेच केलेलं आहे, आणि कोणतं प्रोटीन कुठलं ते एकेक बोट ठेवून दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून जेलचा फोटो जवळ धरला, ६.५च्या बँडवर पेन्सिल टेकवली आणि म्हणाले, ‘‘हे अप्रोटिनिन ना? आणि याच्या शेजारी इन्सुलिन?’’ मी हो म्हटलं. मग त्यांनी वीस मिनिटं फक्त त्या दोन लेनविषयीच विचारलं.

उरलेल्या सात ट्यूबा फ्रीजरच्या दुसऱ्या खणात, निळ्या रॅकमध्ये आहेत. झाकणावर ‘लघु मार्कर’ आणि १४ मार्च लिहिलं आहे. पुढच्या बॅचच्या मुलींना लागल्या तर घ्या, मात्र आधी एक ट्यूब एकटी लावून बघा आणि बँड स्वच्छ आले तरच पुढे जा.